पाचव्या पिशवीतले गोळे

पहिला गोळा दिसला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. डिपार्टमेंटचे मामा कुलूप घेऊन दोनदा दारात येऊन गेले होते. मायक्रोस्कोपखाली काळ्या रेतीचे कण पसरले होते, सगळे तुटके, कोपरे असलेले, ओबडधोबड. त्यांच्यामध्ये एक मात्र अगदी गोल. काळा, चकचकीत, खसखशीच्या दाण्याहूनही बराच लहान. सुईच्या टोकानं हलकेच ढकलला तर घरंगळत गेला.

"मामा, फक्त दहा मिनिटं," मी म्हटलं आणि तासभर उठलेच नाही. एकतीस गोळे मोजले. सगळे एकाच पिशवीतले, पाच नंबरच्या.

बाहेर आल्यावर बाबांना फोन लावला. "सापडलं!" एवढंच म्हटलं. काय सापडलं हे त्यांनी विचारलंच नाही. "मले माहीत होतं," म्हणाले. मग मी गोळ्याचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आकाशातून आलेला पाहुणा'. सकाळपर्यंत दोनशेच्या वर लोकांनी पाहिला होता. तो स्टेटस मी नंतर डिलीट केला, पण स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे. मुद्दाम ठेवलाय.

*

मी मेहकरची. बाबांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शटर, पत्र्याचे शेड, हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. मेहकरहून लोणार जवळच. लहानपणी पाहुणे आले की त्यांना लोणार दाखवायला न्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. धारेवर पाय धुवायचे, दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं आणि काठावर उभं राहून आजीकडून गोष्ट ऐकायची: लोणासुर जमिनीखाली लपून बसला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या घरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. खाली दिसतं ते त्या झाकणाखालचं भोक.

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या देशाच्या फोनवर आमचं लोणार फिरत होतं. मी नुकतीच बारावी झाले होते. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असं नंतर तपासणीत निघालं. पण तोवर फॉरवर्डमध्ये अणुचाचणीपासून शापापर्यंत सगळं येऊन गेलं होतं. जिऑलॉजी घ्यायचं मी तेव्हाच ठरवलं.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे. बेसाल्टमध्ये तयार झालेली आघातविवरं पृथ्वीवर फार थोडी सापडली आहेत, त्यातलं हे एक. आजूबाजूला सगळा दख्खनचा ज्वालामुखीचा खडक, त्यामुळे हे भोकही ज्वालामुखीचंच असणार असं अनेकांना दीर्घकाळ वाटत होतं. विवराच्या तळाशी बोअर घेतले, तेव्हा गाळाखालच्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड धक्क्याच्या दाबानं फेल्डस्पार या खनिजाची काच होते, ती ही. ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही. हा शोधनिबंध १९७३ चा. म्हणजे आजीचं झाकण वरूनच फुटलं होतं, आतून नाही.

पण कधी फुटलं? एका पद्धतीनं वय आलं साधारण ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीनं आलं ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक. आघात नक्की आणि तारीख वादात, हे मला तेव्हा फार रोमँटिक वाटायचं.

एमएस्सीच्या डिझर्टेशनसाठी मी विषय मागून घेतला. आघाताच्या वेळी वितळलेल्या खडकाचे थेंब हवेत उडतात, उडता उडता थिजतात आणि गोल होतात. लोणारच्या काठाबाहेरच्या मलब्यात असे सूक्ष्मगोळे सापडलेले आहेत. ते पावसानं वाहून जवळच्या नाल्यांच्या गाळात गेले का, तिथं एखाद्या थरात साठले का, हे मला तपासायचं होतं. तळ्याचा परिसर अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. म्हणून बाहेरच्या एका शेतातला नाला निवडला. शेतवाले काका बाबांचे गिऱ्हाईक. नाल्याच्या उभ्या काठावर वरून खाली दर दहा सेंटिमीटरला एक, अशा बारा पिशव्या भरल्या. पाचवी पिशवी म्हणजे चाळीस ते पन्नास सेंटिमीटर.

*

गाईड मॅडमनी काम सुरू करायच्या आधी वाचायला एक गठ्ठा दिला होता. मी तो परीक्षेसारखा वाचला होता, म्हणजे विसरण्यासाठी.

गठ्ठ्यात वर होता आल्वारेझ बापलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८० चा निबंध. इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये बोटभर मातीचा एक पट्टा आहे. त्याच्याखाली डायनोसॉरचा काळ, वर त्यांच्यानंतरचा. त्या मातीत इरिडियम नेहमीच्या तीसपट निघालं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अगदी दुर्मीळ, उल्कांमध्ये भरपूर. त्यांनी लगेच डेन्मार्क आणि न्यूझीलंडमधली त्याच काळाची माती तपासली, तिथंही इरिडियम वाढलेलं. पुढं दुसऱ्या लोकांना धक्क्यानं रेघा उमटलेलं क्वार्ट्झ सापडलं, आपल्याकडे मेघालयातल्या उम सोह्रिंगक्यू नदीकाठच्या थरातही इरिडियम मिळालं, आणि १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलुबचं सुमारे १८० किलोमीटरचं विवर ओळखलं गेलं. ज्यांचा यावर विश्वास नव्हता, त्यांनी तपासलं तरी तेच निघत गेलं.

त्याखाली दुसरी गोष्ट होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती नेटफ्लिक्सवर पाहिली असेल. २०२२ च्या 'एन्शंट अपोकॅलिप्स'मध्ये ग्रॅहम हॅनकॉक ती सांगतो. साधारण १२ हजार ९०० वर्षांपूर्वी, हिमयुग संपत असताना, पृथ्वीचा उत्तर भाग पुन्हा अचानक गारठला. या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. २००७ मध्ये रिचर्ड फायरस्टोन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की, तेव्हा उत्तर अमेरिकेवर धूमकेतूसारखं काहीतरी फुटलं. त्यानं थंडी आली, मॅमथ संपले आणि क्लोविस नावाची दगडी भाल्यांची संस्कृतीही लयाला गेली. पुरावा गाळातला: अॅरिझोनातल्या मरे स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी एका काळ्या थराच्या तळाशी चुंबकाला चिकटणारे गोळे, कार्बनचे गोळे, नॅनोहिरे, इरिडियम.

मग तपासणी सुरू झाली. २००९ मध्ये टॉड सुरोवेल आणि सहकाऱ्यांनी सात ठिकाणच्या गाळात गोळे आणि चुंबकीय कण मोजले. त्या थरात म्हणावी तशी वाढ त्यांना मिळाली नाही. २०१० मध्ये अँड्र्यू स्कॉट यांच्या गटानं दाखवलं की, कार्बनचे बरेच गोळे म्हणजे बुरशीच्या गाठी आहेत, जंगलातल्या साध्या आगीतही तशाच भाजून निघणाऱ्या. काही तर किड्यांची विष्ठा. त्याच वर्षी आणखी एका गटानं म्हटलं की, नॅनोहिरे म्हणून दाखवलेले कण ग्राफीनचे आहेत. २०१२ मध्ये उलटं उत्तर आलं: सुरोवेल यांनी पद्धत नीट पाळली नाही, आम्ही पाळली, आम्हाला गोळे मिळाले. २०१३ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याच सुमाराला प्लॅटिनम वाढलेलं दिसलं. २०१४ मध्ये डेव्हिड मेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी गोळे बाजूला ठेवून तारखा तपासल्या. २९ ठिकाणांपैकी फक्त तीन ठिकाणी तो थर खरोखर त्या काळाचा आहे असं म्हणता येत होतं. २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फाखाली हायवाथा नावाचं मोठं विवर सापडलं, तेव्हा 'हेच ते' म्हणून खूप गाजावाजा झाला. २०२२ मध्ये त्याचं वय आलं ५ कोटी ८० लाख वर्षं.

आज बहुतेक भूशास्त्रज्ञांना हा आघात मान्य नाही. पण समर्थक आहेत, त्यांचे निबंध येत असतात.

हे सगळं मी वाचलं होतं. वहीत लिहूनही काढलं होतं. तरी पाचव्या पिशवीत गोळे दिसल्यावर यातलं काही आठवलं नाही.

*

आमच्याकडे एक अडचण अमेरिकेपेक्षा जास्त आहे. दख्खनच्या खडकात मॅग्नेटाइट ठासून भरलंय. नदीकाठची रेती घ्या, चुंबक फिरवा, दाढी उगवल्यासारखी काळी पूड चिकटते. म्हणून चुंबकाला किती चिकटलं याला इथं काही अर्थ नाही, गोलच कण वेचावे लागतात. दर पिशवीतला २०० ग्रॅम गाळ धुवायचा, चाळायचा, वाळवायचा, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला चुंबक फिरवायचा आणि मग सुईनं एकेक कण बाजूला करत बसायचं. एका पिशवीला तीन-चार दिवस जायचे.

बाराच्या बारा झाल्यावर आलेख काढला. अकरा पिशव्यांमध्ये मिळून नऊ गोळे. पाचवीत एकतीस. आलेखात मधोमध भाल्यासारखं टोक. मी त्याचा प्रिंट काढून हॉस्टेलच्या भिंतीवर लावला. एका विद्यार्थी परिषदेसाठी सारांशही पाठवून दिला, मॅडमचं नाव घालून, मॅडमना न विचारता. ही या गोष्टीतली माझी सगळ्यात वाईट चूक.

मॅडम ओरडल्या नाहीत. आलेख बराच वेळ बघत राहिल्या. मग एकेक प्रश्न.

"या थराचं वय काय?"

माझ्याकडे एकही तारीख नव्हती.

"कोरा नमुना चालवलास? म्हणजे ज्यात काहीच नाही हे माहीत आहे अशी स्वच्छ रेती, याच चाळणीतून, याच चुंबकानं?"

नाही.

"पाचव्या पिशवीचं आणि बाकीच्यांचं काही वेगळं झालं होतं का? शेतात, गाडीत, घरी, इथं?"

"नाही मॅडम. सगळं सेम."

"फील्ड बुक बघ. आणि आता हे गोळे खोटे आहेत असं समजून चाल. ते खोटे ठरवायचा प्रयत्न तू कर. दुसऱ्या कुणी करायच्या आधी."

मला राग आला. खरंच आला. मला वाटलं, खेड्यातल्या वेल्डरच्या मुलीला काही मोठं सापडलं हे यांना पचत नाहीये. रूमवर येऊन रडलेसुद्धा. मग बॅगच्या तळातून फील्ड बुक काढलं.

तिसऱ्या पानावर माझ्याच अक्षरात, निळ्या पेनानं होतं: 'नमुना ५. पिशवी फाटली. घरी बदलली.'

*

मला आठवलं. शेतातून स्कूटीवर येताना पाचवी पिशवी हुकाला लागून फाटली होती. संध्याकाळी घरी पोचले, बाबा दुकानातच होते. "एखादी पिशवी द्या ना," म्हटलं. त्यांनी काउंटरखालून एक जाड प्लास्टिकची दिली. कसली होती ते मी पाहिलंही नव्हतं.

दिवाळीला घरी गेले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुकान झाडत होते, तेव्हा मी खाली बसून चुंबक फिरवला. बाबा झाडू हातात धरून बघत राहिले.

"काय करून राह्यली व तू?"

"काही नाही. कचरा नेते थोडा."

"अमरावतीत कचरा भेटत नाही काय?"

तो कचरा मी छोट्या बाटलीत भरून नेला. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली ठेवला. चिमूटभर धुळीत साठ गोळे मोजले आणि मोजणं थांबवलं. काळे, चकचकीत, काहींच्या अंगावर फर्नच्या पानासारखी नक्षी. तीच नक्षी मी सारांशात 'अतिवेगानं थिजल्याची खूण' म्हणून लिहिली होती. ती खूण खरीच आहे. वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. तोही हवेत उडतो, गोल होतो, थिजतो. आकाशातून पडणारा असो की रॉडच्या टोकावरून, थेंबाला नियम एकच.

मॅडमनी एका संस्थेतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर अर्ध्या दिवसाची वेळ मिळवून दिली. त्याला जोडलेलं उपकरण कणात कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवतं. लोणारचा खरा गोळा असता तर तो मुळात वितळलेला बेसाल्ट, म्हणजे सिलिकॉन, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, आणि सोबत उल्केचं थोडं निकेल. माझे पाच नंबरच्या पिशवीतले दहा गोळे आणि दुकानातले दहा आम्ही शेजारी ठेवले. दोन्हीकडे लोखंड आणि थोडं मँगनीज. निकेल कुठंच नाही. मँगनीज येतं वेल्डिंगच्या रॉडमधून.

शेवटी शेतात परत गेले. त्याच काठावर, त्याच खोलीवर, हातभर बाजूला, नव्या पिशवीत नमुना घेतला. दोन गोळे निघाले. दोन. वरच्या-खालच्या थरांइतकेच.

*

सारांश मागे घेतल्याचा ईमेल तीन ओळींचा होता. लिहायला एक दुपार लागली. पण तो सोपा होता. अवघड होतं ते बाबांना सांगणं, कारण त्यांनी अर्ध्या मेहकरला सांगितलं होतं. गेटचं माप द्यायला आलेल्या माणसालाही ते फोनवरचा गोळ्याचा फोटो दाखवायचे.

जानेवारीत घरी गेले तेव्हा दुकानातच सांगितलं. पिशवी, मँगनीज, सगळं. ते ऐकत होते. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच होता.

"म्हणजे माह्या दुकानाच्या कचऱ्यानं तुयं नुकसान केलं," ते म्हणाले.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की, गेले दोन महिने मीही मनातल्या मनात हेच म्हणत होते. दुकानामुळे झालं. ती पिशवी नसती तर. पण ती पिशवी नसती तर गोळेच नसते. नुकसान कशाचं झालं? जे नव्हतंच त्याचं?

"पिशवी मी बघायला पाहिजे होती, बाबा. वहीत लिहिलं होतं मी स्वतः. वाचलं नाही."

ते गप्प झाले. मग त्यांनी चष्मा खाली ओढला, मला तोंड फिरवायला सांगितलं आणि एक टाका मारला. थंड झाल्यावर जमिनीवरची धूळ बोटानं उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"वीस वर्षं झाले, रोज झाडून फेकून राह्यलो हे. गोल असते हे मले माहीतच नव्हतं." मग थोड्या वेळानं, "मंग खरा अन् खोटा ओळखता कसा तुम्ही?"

मी सांगत बसले. निकेल, बेसाल्ट, वरचा थर, खालचा थर, कोरा नमुना. त्यांनी मध्येच विचारलं, "अन् दुसऱ्यानं मोजले तं?" कुणी दुसऱ्यानं, कुठला नमुना कुठल्या पिशवीतला हे न सांगता मोजले तर, असं त्यांना म्हणायचं होतं. ही तपासणी माझ्याही डोक्यात आली नव्हती. ती आम्ही नंतर केली. माझ्या मैत्रिणीनं पिशव्यांचे नंबर न बघता सगळे नमुने पुन्हा मोजले. तिचे आकडे माझ्यापेक्षा थोडे कमीच आले. मी काही ठिकाणी अर्धवट गोल कणही गोळे म्हणून धरले होते. मुख्यतः पाचव्या पिशवीत. तिथं मला गोळे हवे होते ना.

यंगर ड्रायसचा गठ्ठा मी त्यानंतर पुन्हा वाचला. पहिल्यांदा वाचताना मी त्यातल्या चुकलेल्यांना हसले होते: बुरशीला धूमकेतू म्हणतात! आता हसू आलं नाही. त्या लोकांनी वर्षानुवर्षं अशाच खोल्यांत सुईनं कण वेचले असतील, रात्री कुणालातरी फोन केला असेल. २०२५ मध्ये, मी डिझर्टेशन जमा करायच्या सुमाराला, जॉर्डनमधलं ताल एल-हमाम हे प्राचीन शहर आकाशातल्या स्फोटानं नष्ट झालं असं सांगणारा २०२१ चा निबंध नियतकालिकानं मागे घेतला. बातमी वाचून मला आधी आठवला तो माझा तीन ओळींचा ईमेल. माझा एक सारांश होता, तोही कुणी वाचलेला नव्हता. नाव, करिअर आणि पंधरा वर्षं गुंतल्यावर तीच वही उघडून तिसरं पान वाचायला किती जड जात असेल, याचा मला अंदाज आहे. फार थोडा, पण आहे.

माझ्या डिझर्टेशनचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे: तपासलेल्या नाल्याच्या गाळात आघातजन्य सूक्ष्मगोळ्यांचा वेगळा थर आढळला नाही. मार्क बरे मिळाले. लोणारच्या आघाताला त्यानं काही धक्का लागत नाही. तो मास्केलिनाइटवर भक्कम उभा आहे. फक्त माझ्या नाल्यात तो नाही, किंवा माझ्या बारा पिशव्यांत तरी नाही.

डिपार्टमेंटच्या कपाटात आता एक बाटली आहे. गाळातले गोळे शोधणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मॅडम आधी ती मायक्रोस्कोपखाली ठेवायला लावतात, मगच स्वतःचा नमुना उघडू देतात. तिच्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'तुलनेसाठी. फॅब्रिकेशनचं दुकान, मेहकर.' मागच्या महिन्यात बाटली संपत आली म्हणून मॅडमचा फोन आला. मी बाबांना सांगितलं. त्यांनी दुकान झाडून, धूळ कागदात नीट बांधून, वर तारीख घालून एसटीनं पाठवली. पिशवी नवी कोरी वापरली, असं फोन करून मुद्दाम सांगितलं.